जुन्या पेट्रोल ट्रॅक्टरचे स्पार्क प्लग: बदलायचे कसे आणि सुधारणा करायची तर कुठे

सुरुवातीलाच एक खात्री करून घ्या. डिझेल ट्रॅक्टरला सहसा स्पार्क प्लग नसतात. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच तिथे डिझेल पेटतं. हेडवर जे दिसतं ते इंजेक्टर, नाहीतर थंड इंजिनाला मदत करणारे हीटर प्लग. खालची सगळी माहिती पेट्रोलवर चालणाऱ्या, किंवा पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर टाकायच्या जुन्या ट्रॅक्टरांसाठी आहे. फोर्डचे ९एन, २एन आणि ८एन, फर्ग्युसन टीई२०ची पेट्रोल मॉडेलं, फार्मॉल, जॉन डिअरचे दोन सिलिंडरवाले ए आणि बी हे सगळे त्यात आले.

या इंजिनांत प्लगची सुधारणा म्हणजे महागडं टोक नव्हे. आटे, लांबी आणि उष्णता बरोबर असलेला प्लग, त्याला साजेशी वायर आणि ठिणगी देणाऱ्या यंत्रणेला झेपेल एवढा गॅप (टोकाशी ठिणगी उडते ती फट), यातच सुधारणा असते. यातलं एक जरी चुकलं तरी सगळ्यात महाग प्लगसुद्धा आठवडाभरात काळा पडतो.

प्लग विकत घेण्याआधी

जुना प्लग दाखवून "असाच द्या" म्हणणं धोक्याचं आहे, कारण आत बसलेला प्लग मुळातच चुकीचा असू शकतो. इतक्या वर्षांत या इंजिनांवर अनेक हात फिरलेले असतात. त्यामुळे ट्रॅक्टरच्या पुस्तकातला नंबर बघा आणि तो आजच्या कंपन्यांच्या तक्त्याशी ताडून घ्या. तरीही तीन मापं स्वतः तपासलेली बरी.

पहिलं माप आट्यांच्या व्यासाचं. जुन्या ट्रॅक्टरांत मुख्यतः दोन प्रकार सापडतात: १४ मिमी (पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५) आणि १८ मिमी (पिच १.५). फोर्ड एन मालिकेला १४ मिमी लागतो, तर फार्मॉल एच आणि एम, जॉन डिअर ए आणि बी यांना १८ मिमी. फार जुन्या काही इंजिनांत अर्धा इंची पाइपचे, म्हणजे निमुळते आटे असतात आणि त्यांना वॉशर लागत नाही.

दुसरं माप लांबीचं, म्हणजे वॉशर टेकतो तिथून आटे संपेपर्यंतचं अंतर. चुका सर्वांत जास्त इथेच होतात, कारण व्यास जुळला की प्लग बसतो आणि माणूस निर्धास्त होतो. चॅम्पियन कंपनीच्या जुन्या नंबरांत पहिलं अक्षर हीच माहिती देतं. जे म्हणजे १४ मिमी व्यास, ३/८ इंच लांबी. एच म्हणजे ७/१६ इंच, एल म्हणजे १/२ इंच, एन म्हणजे ३/४ इंच, व्यास मात्र सगळ्यांचा १४ मिमीच. डी म्हणजे १८ मिमी व्यास आणि १/२ इंच लांबी. एनजीके कंपनीच्या १४ मिमी प्लगवर एल असेल तर ११.२ मिमी, एच असेल तर १२.७ मिमी आणि ई असेल तर १९ मिमी.

फोर्ड ८एनला एच१० लागतो, म्हणजे ७/१६ इंच, सुमारे ११.१ मिमी. त्या जागी १२.७ मिमीचा प्लग सहज बसतो, पण त्याचे दीड मिमी आटे ज्वलनाच्या पोकळीत उघडे पडतात. त्यांच्यावर कार्बन जमून भाजला जातो आणि पुढच्या वेळी प्लग काढताना हेडचे आटे सोलून येतात. १९ मिमीचा बसवला तर व्हॉल्व किंवा पिस्टन त्यावर आपटण्याची भीती असते. उलट प्लग आखूड पडला, तर हेडचे शेवटचे आटे रिकामे राहून त्यांत कार्बन भरतो, ठिणगी खोबणीत दबून राहते आणि इंजिन मंद चालीत मिस मारतं.

तिसरी गोष्ट बैठकीची. सपाट बैठकीच्या प्लगला वॉशर लागतो, निमुळत्या बैठकीच्या प्लगला लागत नाही. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

गरम प्लग, थंड प्लग

प्लग "गरम" असणं म्हणजे ठिणगी जोरदार असणं, असा समज अजूनही आहे आणि तो चुकीचा आहे. ठिणगीचा जोर कॉइल (बॅटरीच्या विजेचा दाब वाढवणारी) किंवा मॅग्नेटो (बॅटरीशिवाय स्वतःच वीज तयार करणारा) ठरवतो. प्लगचं गरम-थंड असणं म्हणजे त्याच्या टोकाची उष्णता किती वेगाने हेडमध्ये उतरते, एवढंच. आतल्या चिनी मातीचं नाक लांब असेल तर उष्णतेला बाहेर पडायला लांबचा रस्ता लागतो आणि टोक तापलेलं राहतं, तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर टोक लवकर निवतं, तो थंड प्लग.

टोकाचं तापमान साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. ते ८५० अंशांच्या पुढे गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच त्या तापलेल्या टोकाने मिश्रण पेटतं, आणि मग पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. प्लगने या दोन टोकांच्या मध्ये राहायला हवं.

नंबर वाचताना एक सापळा आहे. चॅम्पियन, ऑटोलाइट आणि बॉश यांच्यात आकडा वाढला की प्लग गरम; एनजीके आणि डेन्सो यांच्यात आकडा वाढला की प्लग थंड. ऑटोलाइटमध्ये तर फक्त शेवटचा अंक बघायचा. एका कंपनीचा हिशोब दुसऱ्या कंपनीला लावला तर बरोबर उलटा प्लग हातात येतो.

दिवसभर नांगरणी किंवा पट्ट्यावर मळणी अशी जड कामं होत असतील तर मूळ नंबरच ठेवा. आज मात्र यातले बरेचसे ट्रॅक्टर हलकी कामं करतात: गवत कापणं, रिकामी ट्रॉली ओढणं, अधूनमधून सुरू करून फिरवून आणणं. अशा वापरात इंजिन पुरेसं तापतच नाही आणि मूळ नंबरचा प्लग काळा पडत राहतो. तिथे एक पायरी गरम प्लग घालणं ही खरी उपयोगाची सुधारणा आहे. दोन पायऱ्या मात्र नको. आणि एक पायरी चढण्याआधी थर्मोस्टॅट जागेवर आहे का, चोकची झडप पूर्ण उघडते का आणि एअर क्लीनरच्या वाटीत तेल खुणेपेक्षा जास्त तर नाही ना, हे बघा. थर्मोस्टॅट काढून टाकलेलं इंजिन कायम थंड चालतं. त्यावर गरम प्लग लावणं म्हणजे दुखणं झाकणं.

काय काय जवळ घ्याल

१४ मिमीच्या जुन्या प्लगच्या षटकोनाला १३/१६ इंच (२०.८ मिमी) सॉकेट लागतं, नव्या ढंगाच्या काही प्लगना ५/८ इंच (१६ मिमी). १८ मिमीच्या प्लगचं डोकं मोठं असतं, ७/८ किंवा १ इंच. आत रबर असलेलं खोल प्लग सॉकेटच घ्या. साध्या रिंग पान्याने किंवा शिफ्टिंग पान्याने प्लग फिरवला की पाना तिरका होतो आणि चिनी मातीला केसासारखी चीर जाते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण दमट हवेत तिथूनच ठिणगी निसटते.

त्याशिवाय तारेचा गॅप गेज, टॉर्क पाना, जमलेले आटे सुटे करणारं तेल, कॉम्प्रेसरची हवा किंवा निदान हातपंप, पितळी तारेचा ब्रश, कोरडा फडका, खडू किंवा चिकटपट्टी, आणि प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसेल असा साधारण वीतभर रबरी पेट्रोल नळीचा तुकडा. हा तुकडा विसरू नका, त्याचं काम पुढे आहे.

प्लग काढणं

इंजिन थंड होऊ द्या. गिअर न्यूट्रलला, पीटीओ (अवजारं फिरवणारा दांडा) सुटलेला, हँडब्रेक ओढलेला. बॅटरीची अर्थची वायर काढा. यातले बरेच जुने ट्रॅक्टर ६ व्होल्ट आणि पॉझिटिव्ह अर्थचे असतात, तेव्हा बॉडीला जोडलेलं टोक कुठलं ते बघून काढा, सवयीने निगेटिव्ह सोडू नका. मॅग्नेटो असेल तर बॅटरी सोडून काही उपयोग नाही, कारण मॅग्नेटोला बॅटरी लागतच नाही. तिथे बंद करायचं बटण किंवा वायर अर्थला लागते याची खात्री करा. नाहीतर हँडल फिरवताना इंजिन सुरू होऊन हाताला झटका बसू शकतो.

प्लगच्या वायरींना खुणा करा. चार सिलिंडरी इंजिनात रेडिएटरच्या बाजूचा सिलिंडर एक नंबर धरून चिकटपट्टीवर आकडे लिहा. फोर्ड एन मालिकेचा फायरिंग क्रम (सिलिंडर पेटायचा क्रम) १-२-४-३ आहे, तर फर्ग्युसन टीई२० आणि चार सिलिंडरी फार्मॉल यांचा १-३-४-२. दोन वायरींची अदलाबदल झाली तर इंजिन कार्बुरेटरमधून शिंकतं किंवा सायलेन्सरमध्ये फुटतं, आणि मग माणूस उगाच टायमिंगशी खेळत बसतो. वायर काढताना टोपी धरून पिळा आणि ओढा. वायरीला धरून ओढलं तर आतली तार टोपीतून सुटते. काही प्लगवर पितळी नट असतो, तो हाताने सुटतो.

आता प्लग जेमतेम पाव फेरा सैल करा आणि थांबा. प्लगच्या भोवतीच्या खड्ड्यात माती, भुसा, सुकलेलं ग्रीस साठलेलं असतं. पाव फेऱ्याने ते सुटं होतं, पण प्लग अजून भोक बंद करून बसलेला असतो. या क्षणी हवा मारून सगळं उडवा आणि मग प्लग पूर्ण काढा. ही पायरी गाळली तर तीच माती सिलिंडरमध्ये जाते आणि सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पाडते.

प्लग हलत नसेल तर जोर लावू नका. बुडाशी सुटं करणारं तेल टाका आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी इंजिन थोडं चालवून कोमट करा, बंद करा आणि प्लग थोडा पुढे, थोडा मागे असा फिरवत आणा. अडकला की पुन्हा तेल, पुन्हा मागे-पुढे. ओतीव लोखंडाच्या हेडमध्ये हा उपाय बहुतेक वेळा चालतो. लांब पाइप लावून एका दमात फिरवलं तर प्लगचं डोकं हातात येतं आणि आटे आतच राहतात.

प्लग निघाला की त्याचा वॉशरही निघाला का बघा. तो हेडला चिकटून मागे राहिला आणि नव्या प्लगचा वॉशर त्यावर बसला तर दोन वॉशरांमुळे प्लग दीड-दोन मिमी वर राहतो आणि टोकाची उष्णताही नीट उतरत नाही.

जुने प्लग वाचा

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने एका फळीवर मांडा. फेकायची घाई करू नका. नव्या प्लगपेक्षा या जुन्या प्लगांकडून जास्त कळतं.

टोकावर फिकट तपकिरी किंवा करडा रंग असेल आणि इलेक्ट्रोड जरा झिजलेला असेल तर सगळं ठीक, प्लगचं आयुष्य संपलंय इतकंच. कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी बोटाला लागत असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे, इंजिन फार वेळ मंद चालतंय, ठिणगी कमकुवत आहे किंवा प्लग थंड आहे. चारही प्लग असे असतील तर कार्बुरेटर, चोक, एअर क्लीनर बघा. एकच असेल तर ती वायर किंवा सिलिंडरांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतला तो खांब बघा.

ओला, चमकदार, तेलकट काळा थर म्हणजे ऑइल वर येतंय: रिंगा किंवा व्हॉल्वचे गाइड झिजलेत. इथे गरम प्लग काही महिने वेळ मारून नेईल, पण दुरुस्ती होणार नाही. टोक पांढरंफटक, फोड आल्यासारखं असेल तर इंजिन जास्त तापतंय. मिश्रण पातळ आहे (पेट्रोल कमी, हवा जास्त), मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा शिरतेय, ठिणगी फार आधी पडतेय किंवा प्लग गरम आहे. अशा प्लगच्या चिनी मातीवर भिंगातून चंदेरी बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचं वितळलेलं ॲल्युमिनियम असतं. कारण सापडेपर्यंत तो ट्रॅक्टर जड कामाला लावू नका.

बाकी तीन प्लग रंगलेले आणि एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ किंवा गंजलेला असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. हेड गॅस्केटवर संशय घ्या. आणि काजळी आट्यांवर चढलेली असेल तर तो प्लग सैल होता.

बाजूचा इलेक्ट्रोड खाली वाटीसारखा खोलगट झिजलेला दिसला तर कॉइलची जोडणी उलटी असू शकते. मधल्या इलेक्ट्रोडला विजेचा निगेटिव्ह दाब मिळाला तर ठिणगी सोपी पडते, कारण तोच तापलेला असतो. पॉझिटिव्ह अर्थचा ट्रॅक्टर १२ व्होल्ट निगेटिव्ह अर्थवर बदलताना कॉइलच्या दोन छोट्या वायरींची अदलाबदल करायची असते आणि ती बरेचदा राहून जाते. तेवढ्याने इंजिन चालतं, पण थंडीत रडतं.

प्लग निघालेलेच आहेत तर कॉम्प्रेशनही मोजून घ्या. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा. या इंजिनांचं कॉम्प्रेशन मुळातच कमी असतं, म्हणून आकड्यापेक्षा फरक बघा: सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत १० ते १५ टक्क्यांहून जास्त तफावत नको. एखादा सिलिंडर मागे असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व. हे मोजताना मॅग्नेटो अर्थला लागलेला हवा. प्लगच्या वायरी हवेत लोंबत ठेवून तो फिरवला तर त्याची कॉइल आतून जळू शकते.

आटे साफ करणं

हेडच्या आट्यांत कार्बन असेल तर आटे साफ करायचा टॅप वापरा, नवे आटे पाडणारा धारदार टॅप नको. टॅपच्या खाचांत घट्ट ग्रीस भरा म्हणजे कचरा त्यात चिकटून वर येतो. तसा टॅप नसेल तर त्याच मापाच्या जुन्या प्लगच्या आट्यांवर कानशीने उभ्या तीन-चार खाचा पाडून काम भागतं. शेवटी बैठकीची जागा फडक्याने पुसा आणि प्लग न लावता इंजिन चार-पाच फेरे फिरवा, म्हणजे उरलेले कण बाहेर उडतात. त्या वेळी भोकांसमोर चेहरा नको.

आटे गेलेलेच असतील तर तारेची गुंडाळी किंवा धातूची बुशी बसवून ते नवे करता येतात. हे काम हेड खाली उतरवून करून घेतलेलं बरं. १८ मिमीच्या भोकात १४ मिमीचा प्लग बसवायच्या बुश्याही मिळतात, पण प्रत्येक जास्तीचा सांधा उष्णतेच्या वाटेत अडथळा असतो. १८ मिमीचा चांगला प्लग मिळत असेल तर तोच घ्या.

गॅप

नवा प्लग डब्यातून काढून तसाच लावायचा नाही. आजच्या गाड्यांसाठी तयार केलेले प्लग बरेचदा १ मिमीच्या आसपास गॅप ठेवून येतात, आणि ६ व्होल्टच्या कॉइलला किंवा म्हाताऱ्या मॅग्नेटोला तो झेपत नाही.

मॅग्नेटोवर ०.०२३ ते ०.०२५ इंच, म्हणजे सुमारे ०.६ मिमी ठेवा. ६ व्होल्ट बॅटरी-कॉइलवर ०.०२५ इंच (०.६४ मिमी) हा सुरक्षित आकडा आहे. १२ व्होल्टची चांगली कॉइल आणि पॉइंट (कॉइलचा प्रवाह तोडणारे संपर्क) असतील तर ०.०२८ ते ०.०३० इंच (०.७१ ते ०.७६ मिमी) चालतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तर ०.०३५ इंच (०.९ मिमी) पर्यंत जाता येतं. तुमच्या पुस्तकातला आकडा वेगळा असेल तर पुस्तक खरं.

गॅप वाढला की ठिणगी लांब पडते आणि मंद चालीत इंजिन जरा गुळगुळीत चालतं, हे खरं. पण तेवढ्यासाठी विजेचा दाब जास्त लागतो. हँडल मारताना मॅग्नेटो हळू फिरतो. टक आवाज करणारा इम्पल्स कपलिंग त्याला क्षणभर झटका देतो तेव्हा कुठे ठिणगी पडते. अशा यंत्रणेवर गॅप पाच-सहा हजारांश इंचाने जरी वाढला तरी सुरू होताना हात दुखून येतात. शिवाय सिलिंडर भरून ओढू लागला की दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी जायला आणखी जोर लागतो. म्हणून मोकळं छान चालणारं इंजिन चढावर किंवा नांगर खाली सोडताच मिस मारायला लागतं.

वाकवायचा तो फक्त बाजूचा इलेक्ट्रोड. मधल्या इलेक्ट्रोडवर पक्कड टेकवून तरफ केली की आतली चिनी माती तडकते. तारेचा गेज हलकासा घासत आरपार गेला पाहिजे. पानाचा गेज झिजलेल्या प्लगवर फसवतो, कारण खोलगट झालेल्या भागावरून तो सपाट निघून जातो.

जुनेच प्लग काही दिवस चालवायचे असतील तर बारीक कानशीने दोन्ही इलेक्ट्रोडच्या कडा सरळ आणि धारदार करा; गोल झालेल्या कडेपेक्षा धारदार कडेवरून ठिणगी कमी दाबात उडते. वाळूच्या माऱ्याने साफ केलेले प्लग मात्र टाळा. चिनी मातीच्या खोबणीत अडकलेले कण नंतर सिलिंडरमध्ये पडतात. लोखंडी तारेच्या चाकावर घासले तर चिनी मातीवर धातूच्या रेघा उमटतात आणि ठिणगीला आयता आडमार्ग मिळतो.

बसवणं आणि आवळणं

रबरी नळीचा तुकडा इथे लागतो. प्लगचं वरचं टोक त्यात खोचा आणि नळी धरून प्लग आट्यात फिरवा. आटे सरळ लागले तर तो सहज उतरत जातो. तिरके लागले तर नळी प्लगवर घसरते, प्लग पुढे जात नाही, आणि हेड वाचतं. पान्याला ही जाणीव नसते. आधी उलटा फिरवून आटे "टक" असे पडल्याचं जाणवलं की मग सुलटा फिरवायची सवय ठेवा. सात-आठ फेरे हाताने गेल्याशिवाय पाना लावायचा नाही. आखूड आट्यांच्या प्लगला अर्थातच फेरे कमी भरतील.

ओतीव लोखंडाच्या हेडमध्ये वॉशरवाला १४ मिमी प्लग २५ ते ३५ न्यूटन-मीटर आवळतात, १८ मिमीचा ३५ ते ४५. ॲल्युमिनियमचं हेड असेल तर खालच्या आकड्याजवळ राहा. निमुळत्या बैठकीच्या १४ मिमी प्लगला लोखंडात १५ ते २५ पुरे. टॉर्क पाना नसेल तर कोनाने आवळा: हाताने टेकल्यावर नवा वॉशर असेल तर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, तोच वॉशर पुन्हा वापरत असाल तर फेऱ्याचा बारावा भाग, आणि निमुळती बैठक असेल तर सोळावा भाग.

आट्यांना ग्रीस किंवा तांब्याची पेस्ट लावावी का, यावर जुनाच वाद आहे. आजच्या बहुतेक प्लगच्या आट्यांवर धातूचा मुलामा असतो, त्यांना काही लागत नाही. पेस्ट लावून वरचाच टॉर्क दिला तर घर्षण कमी झाल्याने प्लग प्रत्यक्षात जास्त ताणला जातो. मुलामा नसलेला जुना काळा प्लग लोखंडी हेडमध्ये बसवत असाल तर शेवटचे दोन आटे सोडून अगदी पुसट पेस्ट लावा आणि टॉर्क तीसेक टक्क्यांनी उतरवा.

सुधारणा कुठे करावी

प्लग नवे आणि वायरी चाळीस वर्षांच्या असतील तर फरक पडणार नाही. अंधारात इंजिन सुरू करून वायरींवर नजर टाका; निळसर रेषा बॉडीकडे धावताना दिसल्या तर त्याच आधी बदला. मॅग्नेटो आणि पॉइंटच्या यंत्रणेला तांब्याच्या तारेची वायर उत्तम, तिचा रोध मल्टिमीटरवर जवळपास शून्य येतो. कार्बनच्या गाभ्याच्या वायरीचा रोध हजारो ओहम असतो आणि ती कमकुवत मॅग्नेटोचा उरलासुरला जोरही खाते.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनला मात्र नियम उलटा. तिथे तांब्याची वायर आणि साधा प्लग एकत्र लावला तर विजेच्या गोंगाटाने मॉड्यूल गोंधळतं किंवा जळतं. तिथे रोध असलेली वायर किंवा रेझिस्टर प्लग हवाच. एनजीकेच्या नंबरातलं आर हे अक्षर त्याची खूण आहे, आणि त्याच्या आत साधारण ५ हजार ओहमचा रोध असतो. हाच रेझिस्टर प्लग तांब्याच्या वायरीसह पॉइंटच्या यंत्रणेवरही चालतो. थकलेल्या मॅग्नेटोवर तो टाळा.

ट्रॅक्टर १२ व्होल्ट केला असेल तर कॉइलकडे बघा. ६ व्होल्टच्या कॉइलचा रोध दीड ओहमच्या आसपास असतो; तिला थेट १२ व्होल्ट दिले तर पॉइंटमधून ८ ॲम्पिअर वाहतात आणि ते काही तासांतच निळे पडतात. तीन ओहमची १२ व्होल्ट कॉइल लावली की तोच प्रवाह ४ ॲम्पिअरवर येतो. पॉइंटचा गॅपही याच वेळी बघा. फोर्ड ८एनमध्ये डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या पुढे असेल तर ०.०१५ इंच, बाजूला असेल तर ०.०२५ इंच. या दोघांची गल्लत फार होते.

इरिडियमचं बारीक टोक कमी दाबात ठिणगी टाकतं, त्यामुळे हँडलवर सुरू होणाऱ्या इंजिनाला त्याचा थोडा फायदा मिळू शकतो. पण ऑइल खाणाऱ्या किंवा पेट्रोलने भिजणाऱ्या इंजिनात तेही साध्या प्लगइतक्याच लवकर काळं पडतं, आणि साफ करायला गेलं तर मोडतं. तीन-चार बाजूंचे इलेक्ट्रोड असलेल्या प्लगमध्येही एका वेळी ठिणगी एकाच जागी पडते. पैसे घालायचेच असतील तर वायरी, डिस्ट्रिब्युटरची टोपी, रोटर आणि कंडेन्सर यांत घाला.

टोक पुढे आलेला प्लग, म्हणजे एनजीकेच्या नंबरात पी असलेला, हलक्या वापरात काजळी कमी धरतो, कारण त्याचं नाक ज्वाळेत जास्त शिरलेलं असतं. बाजूला व्हॉल्व असलेल्या चपट्या हेडच्या इंजिनात तो बसवण्याआधी जागा मोजा. हेड उतरलेलं असेल तर मातीचा गोळा दाबून बघा. नसेल तर प्लग हाताने लावून इंजिन हँडलने दोन पूर्ण फेरे हळू फिरवा. कुठे टेकल्यासारखं वाटलं तर तो प्लग तिथे चालणार नाही.

पहिली तपासणी

वायरी क्रमाने जोडा, टोप्या पूर्ण दाबा, बॅटरी जोडा आणि इंजिन सुरू करा. प्लगच्या बुडाशी साबणाचं पाणी सोडून बुडबुडे येतात का बघा. येत असतील तर इंजिन थंड झाल्यावर तो प्लग काढून वॉशर आणि बैठक तपासा.

खरी तपासणी दोन-तीन तास काम झाल्यावर करायची. ट्रॅक्टर ओढीत असतानाच क्लच दाबा, त्याच क्षणी इंजिन बंद करा, आणि थंड झाल्यावर प्लग काढून रंग बघा. बांधावर आणून पाच मिनिटं मंद चालवून मग काढलेला प्लग हमखास काळा दिसतो, आणि त्यावरून कार्बुरेटर बिघडवून ठेवला जातो. त्यानंतर दर २०० ते २५० तासांनी गॅप मोजत राहा. इलेक्ट्रोड झिजतात तसा तो आपोआप वाढत जातो.